न दिसणारा टाका

वेल्डिंगमध्ये सगळ्यात अवघड काय, असं मला कुणी विचारलं (कुणी विचारत नाही, तरी उत्तर मी तयार ठेवलेलं आहे), तर मी सांगेन: रॉड पेटवणं नाही, हात स्थिर ठेवणं नाही, हेल्मेटच्या आत नाकाला खाज सुटणं हेसुद्धा नाही. सगळ्यात अवघड म्हणजे आपलं काम कसं झालंय हे खरं सांगणारं माणूस मिळणं.

माझं पहिलंवहिलं काम म्हणजे आमच्या दारासमोरच्या पायऱ्यांचा कठडा. आमचं घर तळमजल्यावर, पण जमिनीपासून चांगलं उंच. दारातून निघालं की पायऱ्या उतरायच्या, मग फाटकाकडे जाणारी वाट आणि फाटकाशी एक बाकडं. त्या बाकड्यावर माझे सासरे, म्हणजे मामंजी, रोज संध्याकाळी बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करत. मामंजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांच्या तराजूंवर संशय घेण्यात गेल्यामुळे आता संशय घेतल्याशिवाय त्यांना करमत नाही. बसण्याआधी ते खुर्ची हलवून बघतात. दूध पिण्याआधी पेला उजेडात धरतात. लेकीच्या लग्नात जावयाला तेवढं हलवून बघितलं नाही, तेही मी मध्ये पडले म्हणून.

तर एका संध्याकाळी उतरताना मामंजींना वाटलं पायऱ्या संपल्या, आणि एक उरली होती. मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, काठी आली, काठीशी दोन हात करून झाले, पण मामंजी पुन्हा काही खाली उतरले नाहीत. शर्ट बदलून दारापर्यंत यायचे, पायऱ्यांकडे बघायचे आणि "आज हवा बरी नाही" म्हणून मागे फिरायचे. हवा रोजच बरी नसायची. डॉक्टर म्हणाले, "पाय चालता ठेवा. एकदा आखडला की मग खाट सुटायची नाही." हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पण मामंजींना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांचे कान चांगले आहेत. गेले आहेत ते डोळे.

कठडा हवा, हे सगळ्यांनाच पटलं. ग्रिलवाला येऊन माप घेऊन गेला, तो गेलाच. फोन केला की म्हणायचा, "ताई, उद्या नक्की." त्याचा उद्या आणि मामंजींची हवा यांची जणू आतून काही बोलणी झालेली होती. शेवटी मी म्हटलं, आपण का करू नये? मी कपडे शिवते. माप घ्यायचं, कापायचं, जोडायचं, यात नवीन काय आहे? कापडाऐवजी पाइप आणि दोऱ्याऐवजी रॉड. व्हिडिओ तर ढीगभर असतात.

"तू? वेल्डिंग?" आमचे हे म्हणाले. हे बँकेत असतात आणि कुठलीही गोष्ट त्यांना आधी दोनदा विचारल्याशिवाय कळत नाही.

"हो. मी. वेल्डिंग."

"अगं, पण ठिणग्या उडतात त्यात."

"शिवणात सुया टोचतात. मरतं का कुणी?"

मशीन आलं. मागच्या धुण्याच्या जागेत, पाण्याचा टिपूस राहणार नाही अशी कोरडी करून, मी कार्यशाळा मांडली. यांचे जुने जाड बूट, सुती कपडे, हातमोजे, हेल्मेट. पहिल्यांदा मी त्या अवतारात स्वयंपाकघरातून गेले तेव्हा मामंजी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोण आहे?" मी म्हटलं, "मी आहे, मामंजी." ते म्हणाले, "मग ठीक." पण कप काही पुन्हा उचलला नाही.

रॉड टेकवला मात्र, आख्ख्या इमारतीतले दिवे गेले. एवढ्यानं भागलं असतं. पण त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये होते, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली. त्यांचा आवाज भिंतीतून यायला लागला. "कोण आहे? कुणी काय केलं?" मी हेल्मेट घातलेलंच असल्यामुळे मला लाज वाटली तरी कुणाला दिसली नाही, हा त्या हेल्मेटचा एक फायदा व्हिडिओत सांगत नाहीत.

वीजवाल्याला बोलावून मशीनसाठी वेगळी लाइन घेतली. पण सेक्रेटरी आता नियम घेऊन आले. पायऱ्या सामायिक जागेत येतात, सामायिक जागेत कायमस्वरूपी बदल चालणार नाही.

"म्हाताऱ्या माणसासाठी कठडा आहे हो," मी म्हटलं.

"भावना समजतात, वहिनी. पण उद्या कुणी म्हणेल, मला हत्ती बांधायचाय."

"हत्तीला पायऱ्या कशाला लागतील?"

ते विचारात पडले. मग दोन बैठका झाल्या आणि तोडगा निघाला: कठडा चालेल, पण तात्पुरता. सिमेंटमध्ये गाडायचा नाही, बोल्टनं बसवायचा. सिमेंट म्हणजे कायमचं आणि बोल्ट म्हणजे तात्पुरतं, असं सेक्रेटरींनी ठरवलं आणि त्या निर्णयावर ते इतके खूश झाले की लिफ्टचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

म्हणून प्रत्येक खांबाच्या तळाशी एक जाड लोखंडी पट्टी, पट्टीला भोकं, भोकांतून बोल्ट, आणि पट्टीवर पाइप वेल्ड करून उभा. पहिल्या पाइपला मी रॉड लावला आणि पाइपलाच भोक पडलं. इस्त्रीनं साडी जळावी तसं. मी घाबरून मशीनचा करंट कमी केला. मग भोकं पडेनात. मला वाटलं, जमलं! तेव्हा मला हे कळत नव्हतं की ज्या भीतीनं आपण आच कमी करतो, ती भीती नंतर कठड्यात जाऊन बसते.

सांधे झाले ते ओबडधोबड. गाठी, फुगवटे, ओघळ. वरच्या मजल्यावरच्या वहिनी बघायला आल्या. वहिनी स्वभावानं गोड आहेत आणि बोलतात ते गोड आवाजातच.

"छानच गं! पण हे असं... कुणीतरी चघळून चिकटवल्यासारखं का दिसतंय?"

हे मला लागलं. मी पंचवीसएक वर्षं कपडे शिवते आहे. आमच्या कामात टाका दिसला तर बाई गिऱ्हाईक राहत नाही. काठ दुमडून आतून असा टाका घालायचा की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं कापडच तसं उगवलंय. मी ग्राइंडर आणला आणि एकेक गाठ घासून काढली. जिथे खळगे राहिले तिथे पुट्टी भरली. वरून रंग. शेवटी कठड्यावरून बोट फिरवलं तर कुठे पाइप संपतो आणि कुठे सांधा सुरू होतो, मलाच कळेना. एकही टाका दिसत नव्हता. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. ग्राइंडरची धूळ असेल.

आम्ही कठडा बसवला, बोल्ट आवळले, आणि मग कौतुक सुरू झालं. वरच्या वहिनी म्हणाल्या, "विकतचा वाटतो!" सेक्रेटरी म्हणाले, "तात्पुरता असून किती सुबक!" यांनी फोटो काढून बँकेत दाखवले. पण मला कुणीतरी जाणत्यानं सांगायला हवं होतं. म्हणून मी हौशी वेल्डरांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, "पहिलंच काम आहे. मोकळेपणानं सांगा." मोकळेपणानं सांगा असं लिहिणाऱ्याला काय ऐकायचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पडला. "खूप छान ताई." "सुंदर." "रंग कुठला?" फक्त एका माणसानं (नाव नव्हतं, फोटोच्या जागी चहाची किटली होती) लिहिलं, "घासायच्या आधीचा फोटो टाका."

मी लिहिलं, "तो नाही."

किटली म्हणाली, "मग मी काही सांगू शकत नाही. मी रंग बघत नाही."

मी फोन पालथा ठेवला. भाजी फोडणीला टाकली, ती करपली. कोण कुठली किटली!

इकडे सेक्रेटरींनी परस्पर ठरवून टाकलं की शनिवारी संध्याकाळी मामंजींना सगळ्यांनी मिळून खाली उतरवायचं. सूचनाफलकावर कागद लागला. मामंजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "बूट कुठे आहेत माझे?" पडल्यापासून त्यांनी बुटांचं नाव काढलेलं नव्हतं. यांनी बूट पुसले. मामंजींनी ते हातात घेतले आणि एकेक उलटा करून तळवा तपासला.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पालथा फोन सुलटा केला. किटलीचा आणखी एक निरोप येऊन पडला होता. "ताई, रागावू नका. तळाची पट्टी जाड दिसते, पाइप पातळ आहे. पाइप जळू नये म्हणून करंट कमी ठेवला असेल तर पट्टी तापलेलीच नसेल. मग वेल्ड तिच्यावर नुसता बसून राहतो, तिला धरत नाही. खालचा एक सांधा हातोडी मारून बघा. मोडला तर बरंच आहे, तुमच्या हातानं मोडला."

करंट कमी ठेवला होता, हे त्या किटलीला कसं कळलं?

मी हातोडी घेऊन बाहेर गेले. ऊन कठड्यावर चमकत होतं. इतका देखणा दिसत होता तो, की मला वाटलं राहू दे. फोटोवरून कुणाला काय कळतं. सगळे तर चांगलं म्हणालेत. मी नुसतं हलवून बघितलं. हलला नाही. परत जायला वळलेही. आणि मग मला मामंजींचा तो उलटा बूट आठवला.

सगळ्यात खालचा खांब, शेवटच्या पायरीशी. पहिला घाव घाबरत घातला. काही नाही. दुसरा जरा जोरात. रंगाला बारीकशी चीर गेली. तिसऱ्या घावाला पुट्टीचा एक पापुद्रा उडाला आणि खांब पट्टीवरून सुटला. मोडला म्हणायचं तरी काही मोडलं नव्हतं. ताटलीवरून वाटी सरकावी तसा अलगद बाजूला झाला. खालची पट्टी चकचकीत, कोरी. माझा वेल्ड तिला कधी भेटलाच नव्हता.

मामंजींचं सगळं वजन, काठीशिवायचं, शेवटच्या पायरीवर, याच खांबावर येणार होतं.

"अगं, हे काय केलंस?" हे दारात उभे होते. "सगळे यायला लागलेत!"

खरंच, वरच्या वहिनी जिन्यावरून उतरत होत्या. मागे सेक्रेटरी, नव्या शर्टात. यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट न विचारता केली: पुढे होऊन खांब पुन्हा पट्टीवर सरळ उभा केला. वरचा पाइप त्याला धरून होताच. चीर खाली राहिली, त्यावर यांनी बुटाचं टोक ठेवलं. कठडा पुन्हा होता तसा. देखणा. इतका बेमालूम की मीसुद्धा फसले असते.

"आता गप्प बस," हे पुटपुटले. "हवा बरी नाही म्हणतील नाहीतरी. नेहमी म्हणतात."

पण मामंजींनी त्या दिवशी ते म्हटलं नाही. ते दारात आले. इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट. सेक्रेटरींनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली, त्यांचे दोन शब्द बरेच असतात. "आपल्या वहिनींनी स्वतःच्या हातांनी..." मामंजींचं लक्ष नव्हतं. त्यांची नजर पायऱ्यांवर होती. मी वर जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले; त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मग एक हात कठड्याकडे नेला, आणि हलवून बघितलं. वरून, पहिल्या खांबाशी. तो घट्ट होता. मामंजींनी मान डोलावली.

जन्मभर कशावर विश्वास न ठेवलेला माणूस, आणि माझ्या कठड्यावर ठेवत होता.

सेक्रेटरी बोलत होते. वहिनींनी फोन उंच धरला होता. मामंजींनी एक पाय उचलला.

"हात लावू नका!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. सेक्रेटरी "आदर्श" या शब्दावर थांबले. "कठडा खोटा आहे," मी म्हटलं. "खाली सुटलाय. वरून दिसत नाही." आणि खाली धावत जाऊन, यांना बाजूला सारून मी तो खांब हलवला. तो झोक्यासारखा पुढेमागे झाला.

वहिनींचा फोन हळूच खाली आला. माझे कान असे तापले की तेवढ्या आचेवर पट्टी नक्की जुळली असती. हेल्मेटची इतकी आठवण मला कधीच आली नव्हती.

"म्हणजे कार्यक्रम..." सेक्रेटरी म्हणाले.

"कशामुळे सुटला?" मामंजींनी विचारलं. पाय त्यांनी मागे घेतला होता.

"आच कमी पडली. मला पाइप जळायची भीती वाटली म्हणून. आणि वरून मी सगळं घासून टाकलं. चांगलं दिसावं म्हणून."

"आणि कळलं कसं?"

"मीच हातोडी मारली. आत्ता."

मामंजींनी माझ्याकडे, मग खांबाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते ते म्हणतील, आज हवा बरी नाही. मग पुढे रोजच.

"नोकरीत किती दुकानं तपासली, त्याचा हिशेब नाही," ते म्हणाले. "पण माझं वजन खोटं आहे असं पुढे येऊन सांगणारा एक दुकानदार मला कधी भेटला नाही." मग यांच्याकडे वळून, "खुर्ची आण. आणि तू मघाशी काय पुटपुटलास ते मला ऐकू आलंय."

खुर्ची आली. मामंजींनी ती हलवली, मगच बसले. "काढ तो सगळा," ते मला म्हणाले. "पुन्हा कर. पण आधी मोडायचे तुकडे कर, मला दे. मी मोडून बघतो. मोडायचे थांबतील तेव्हा मी उतरेन."

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला वहिनी "लोहारकाम" म्हणतात आणि मामंजी "तपासणी". मी भंगारातल्या पट्टीवर पाइपाचे तुकडे वेल्ड करायची, थंड झाले की मामंजींपुढे ठेवायची. ते पक्कडीत धरून हातोडी घालायचे, आणि सुटलेला तुकडा डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, "नापास." नापास म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू. मी करंट वाढवला, भोकं पाडली, ती भरली, पट्टीवर जास्त वेळ थांबायला शिकले. मोडलेल्या तुकड्यांचे फोटो मी किटलीला पाठवायची. किटली कधी "थंड" म्हणायची, कधी "बरं". एक दिवस मामंजींनी हातोडी घातली, पाइप वाकला, चेपला, पार आडवा झाला, पण सांधा सुटला नाही. मामंजींनी पुन्हा घातली. मग हातोडी खाली ठेवून दम खात म्हणाले, "हा राहू दे."

सगळे सांधे नव्यानं केले. घासले नाहीत. वरच्या पाइपाला शेवटचा खांब जिथे मिळतो तिथे एक चांगली सुपारीएवढी गाठ राहिली. कठडा पुन्हा बसला तेव्हा मी आणि हे, दोघं त्याला लोंबकळलो. सेक्रेटरींनीही, सोसायटीच्या वतीनं, लोंबकळून बघितलं. लिफ्टचा राग त्या वेळी निघाला असावा, कारण ते गरजेपेक्षा बराच वेळ लोंबकळले आणि मगच फाटकाबाहेर आपल्या कामाला गेले.

"सगळं ठीक," वहिनी म्हणाल्या, "पण ती एवढी गाठ तरी घास गं. डोळ्यात भरते."

मीही ग्राइंडरकडे बघितलं. हात शिवशिवत होते. पण मामंजी दारात येऊन उभे राहिले होते. या वेळी फलकावर कागद नव्हता, कुणाचे दोन शब्द नव्हते. मी खाली जाऊन उभी राहिले, धरायला, आणि धरायचं नाही असं त्यांनी मला नजरेनंच बजावलं.

ते उतरायला लागले. उजवा हात कठड्यावरून सरकत होता. एक पायरी. थांबणं. आणखी एक. कठडा गप्प होता. खाली जिथे मागे ते पडले होते, तिथे पोचायच्या आधी ते अडखळल्यासारखे थांबले. समोर बघत होते, पायाखाली नव्हे. पायाखालचं त्यांना तसंही दिसत नाही. माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले.

त्यांचा अंगठा त्या गाठीवर आला होता. त्यांनी तो तिच्यावरून एकदा पुढे नेला, एकदा मागे आणला.

"इथे शेवटची," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. आणि पाय मोजून खाली ठेवला.

बाकडं त्यांनी बसण्याआधी हलवून बघितलंच. मग बसले आणि फाटकातून येणाऱ्या पहिल्या माणसाकडे संशयानं बघू लागले. तो माणूस म्हणजे सेक्रेटरी होते.

"वा! उतरलात!" सेक्रेटरी म्हणाले. मग कठड्याकडे बघून जरा घुटमळत, "वहिनी, फक्त... तात्पुरता म्हणून ठरलंय ना, तर साधारण केव्हापर्यंत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामंजी बोलले. "मीही तात्पुरताच आहे. आधी मला जाऊ द्या, मग त्याचं बघा. घाई आहे का तुम्हाला?"

सेक्रेटरींना घाई नव्हती.

मी त्या गाठीचा फोटो काढला, न घासलेली, न रंगवलेली, आणि किटलीला पाठवला. उत्तर यायला वेळ लागला. तोवर मी आत जाऊन ग्राइंडरची वायर गुंडाळली आणि तो माळ्यावर टाकला. परत आले तर किटलीनं लिहिलं होतं, "ओबडधोबड आहे."

आणि खाली, "पण आहे."